लाकूड का कुजते?
रॉबर्ट हार्टिग यांचे संशोधन

पावसाळ्यात ओल लागलेली एखादी जुनी फळी फोडून पाहिली, तर तिच्यात पुष्कळदा पांढऱ्या तंतूंचे नाजूक जाळे आढळते. लाकूड कुजले म्हणून हे तंतू उत्पन्न झाले, की तंतू शिरले म्हणून लाकूड कुजले? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचा उलगडा करणाऱ्या शास्त्रज्ञाला प्रत्यक्ष आपल्या पित्याचे मत बाजूला सारावे लागले.

जर्मनीतील हार्टिग घराण्यात वनविद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. थिओडोर हार्टिग यांनी १८३३ साली कुजक्या लाकडातील तंतूंचे वर्णन केले. मात्र ते बाहेरून येत नसून, लाकडाच्याच पेशींपासून जन्म घेतात, असा त्यांचा समज झाला. निरीक्षण खरे होते. कार्य आणि कारण यांची मात्र अदलाबदल झाली होती.

त्यांचे पुत्र रॉबर्ट यांचा जन्म १८३९ साली ब्राउनश्वाइग येथे झाला. एबर्सवाल्डे येथील वनविद्यालयात अध्यापन करीत असता त्यांनी रोगट वृक्षांचा कसून अभ्यास केला. खोडाबाहेर उगवणारे छत्र आणि आतील तंतू ही एकाच कवकाची अंगे होत, हे त्यांनी १८७४ साली दाखवून दिले. १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी सूचिपर्णी वृक्ष व ओक यांच्या लाकडाची कूज तपशिलाने वर्णिली. निरनिराळी कवके लाकूड निरनिराळ्या रीतीने कुजवितात, हे त्यावरून स्पष्ट झाले. त्याच वर्षी ते म्यूनिक येथे प्राध्यापक झाले आणि १९०१ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. घरांतील लाकूड नासविणाऱ्या कवकावरही त्यांनी १८८५ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

या भिन्नतेचे मूळ रसायनात आहे. काही कवके मुख्यतः सेल्युलोज खातात. मागे तपकिरी, चौकोनी भेगांचे ठिसूळ लाकूड उरते. इतर काही लिग्निनही फस्त करतात. तेव्हा लाकूड पांढरट व तंतुमय होते.

कारण कळले, की उपायाची दिशा सापडते. कवकाला अन्न, हवा, ऊब आणि ओल ही चारही लागतात. लाकूड कोरडे ठेवले, तर ते वाढू शकत नाही. परंतु जमिनीत पुरलेल्या खांबाची ओल कशी टाळावी? तेथे कवकाचे अन्नच विषारी करावे लागते. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशम् यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे मिश्रण तयार केले. क्रोमियममुळे ही द्रव्ये लाकडात घट्ट बसतात व पावसाने सहजासहजी धुऊन जात नाहीत. हे मिश्रण जगभर वापरले गेले. पुढे आर्सेनिकच्या धोक्यामुळे अमेरिकेत घरगुती बांधकामासाठी त्याचा बहुतेक वापर २००३ अखेर बंद करण्यात आला.

फळीतील ते पांढरे जाळे दिसले, तर केवळ फळी बदलून भागत नाही. ओल कोठून येते, हे आधी शोधावे. नाहीतर नवी फळीही त्याच वाटेने जाईल.