अरबी ग्रंथांची नक्कल

पारनेरच्या पेठेत दुकानदार हिशेब मांडतो. कचेरीत वकील पुढची तारीख मागतो. दुकान, हिशेब, वकील, तारीख हे शब्द मूळचे अरबी. फारसीच्या वाटेने ते मराठीत आले आणि घरचेच झाले.

शब्दांप्रमाणे ग्रंथही प्रवास करतात. आपल्या पंचतंत्रातील कथा सहाव्या शतकात इराणच्या पहलवी भाषेत गेल्या. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा या पंडिताने पहलवीवरून त्या अरबीत आणल्या. पुढे तो पहलवी ग्रंथ नष्ट झाला. परंतु अरबी ग्रंथ उरला आणि त्याच्या आधारे या कथा युरोपातील अनेक भाषांत पोचल्या.

हस्तलिखिताला वाळवी, ओल आणि आग यांचे भय नित्याचेच. त्यात युद्धाची भर पडते. आफ्रिकेतील टिंबक्टू हे अरबी हस्तलिखितांचे प्रसिद्ध नगर. २०१३ साली सशस्त्र बंडखोरांनी तेथील सुमारे ४,००० हस्तलिखितांचा नाश केला. मात्र ग्रंथपालांनी त्यापूर्वीच हजारो हस्तलिखिते पेट्यांत भरून गुप्तपणे बामाको नगरीत हलविली होती. म्हणून ती वाचली.

असे ग्रंथ जपण्यासाठी आता संगणकीय ग्रंथालये उभी राहत आहेत. तेथे जीर्ण पोथी मऊ आधारावर अलगद उघडून प्रत्येक पानाचे छायाचित्र घेतात. नंतर ग्रंथाचे नाव, कर्ता व विषय यांची नोंद करतात. नोंद नसेल, तर लाखो चित्रांत हवे ते पान सापडणार कसे? हे महत्त्व पूर्वीही विद्वानांनी ओळखले होते. मुंबईचे मुल्ला फिरोज यांनी जमविलेल्या अरबी व फारसी ग्रंथांची सूची एडवर्ड रेहात्सेक यांनी १८७३ साली प्रसिद्ध केली. हा संग्रह आज मुंबईच्या कामा प्राच्यविद्या संस्थेत आहे.

अरबी लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. शब्दातील स्थानाप्रमाणे अक्षराचे रूप पालटते. एकाच आकाराखाली एक टिंब दिले तर ‘ब’, वर दोन दिली तर ‘त’! कागदावरचा एखादा डागही यंत्राला फसवितो. म्हणून यंत्राने वाचलेला मजकूर जाणकाराला तपासावा लागतो.

आपल्याकडील जुन्या वाड्यांतही मोडी कागदांचे रुमाल पडून असतात. त्यांनाही वाळवी सोडीत नाही. वेळीच केलेली नक्कल हाच त्यांचा आधार. आणि ‘नक्कल’ हा शब्दही मूळचा अरबीच!