ग्रुपमधला मुलगा आणि त्याचा अपराधीपणा

मे २०२०, टाळेबंदीचा काळ. दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या ‘बॉइज लॉकर रूम’ या इन्स्टाग्राम ग्रुपमधले स्क्रीनशॉट बाहेर आले. ओळखीच्या मुलींचे फोटो त्यांच्या नकळत टाकून त्यांच्या शरीरावर शेरेबाजी चालली होती. दिल्ली महिला आयोगाने नोटिसा काढल्या, पोलिसांच्या सायबर शाखेने तपास हाती घेतला. अशा मुलांबद्दलचे काही समज मात्र चुकीचे आहेत.

‘त्याच ग्रुपमध्ये बलात्काराचा कट शिजत होता.’ नाही. पोलीस तपासात ते संभाषण वेगळं, स्नॅपचॅटवरचं निघालं. एका मुलीनेच मुलाचं खोटं नाव घेऊन ते केलं होतं. त्याने ग्रुपमधल्यांचा दोष कमी होत नाही. पण न केलेल्या गोष्टीचा ठपका बसला, की मुलगा केलेलीही नाकारू लागतो.

‘मी काहीच लिहिलं नाही, नुसता ग्रुपमध्ये होतो.’ छळणाऱ्याला बघे लागतात. फिनलंडच्या शाळांमधला ‘किवा’ हा कार्यक्रम म्हणूनच बघ्यांना बदलण्यावर भर देतो.

‘मुलाला अपराधी वाटू देऊ नका, खचेल.’ मला हा सर्वांत घातक समज वाटतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांच्या संशोधनात दोन भावना वेगळ्या निघतात. ‘मी वाईट वागलो’ असं वाटणारा माणूस नुकसान भरून काढायला बघतो. ‘मी आहेच वाईट’ असं वाटणारा लपतो, चिडतो, दुसऱ्यावर ढकलतो. म्हणून ‘तू आमचं नाक कापलंस’ हे ऐकून मुलगा फक्त स्वतःचा विचार करू लागतो. ‘तिला दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना काय वाटलं असेल?’ हा प्रश्न त्याला त्या मुलीकडे नेतो. त्या विचाराने होणारा त्रास त्याला होऊ द्यावा.

‘सॉरी म्हटलं, विषय संपला.’ फोटो सगळीकडून काढणं, ज्या मित्रांसमोर ती टिंगल केली त्यांच्यासमोरच ती चूक होती हे सांगणं, हे माफीत येतं. त्या मुलीला भेटायचं नसेल तर भेटायचं नाही. माफ करणं तिच्यावर बंधनकारक नाही.

‘पोलिसांत प्रकरण गेलं, आयुष्य संपलं.’ बाल न्याय कायदा, २०१५ असा नाही. कलम १८ नुसार बाल न्याय मंडळ समज देऊन मुलाला घरी पाठवू शकतं, त्याचं आणि पालकांचं समुपदेशन करवू शकतं, समाजसेवा करायला सांगू शकतं. कलम ७४ मुलाची ओळख जाहीर करू देत नाही. कलम २४ नुसार मंडळाच्या निकालामुळे पुढे अपात्रता चिकटत नाही; सोळा वर्षांवरच्या मुलाचा अतिगंभीर गुन्हा मात्र याला अपवाद ठरू शकतो.