आईचे कार्ड आणि बाळाचे कार्ड

"आमच्या वेळी एवढ्या सुया नव्हत्या, आता कशाला वाढविल्या?" हा प्रश्न आपल्या रुग्णालयाच्या लसीकरण कक्षात वारंवार विचारला जातो. मध्यंतरी एका आजीबाईंनी लेकीचे १९९२ सालचे पिवळे पडलेले कार्ड व नवजात नातवाचे कोरे कार्ड टेबलावर शेजारी ठेवून तो विचारला. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकीय अधिकार त्यास नाही. तथापि दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवले की फरक दिसतो, तसेच येथे झाले.

आजीबाईंच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण आहे. लेकीच्या कार्डात ती लस नाही, कारण १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला. म्हणजे ही यादी कमीही होते. लेकीच्या कार्डात बीसीजी, त्रिगुणी, तोंडावाटे पोलिओ व गोवर एवढ्याच लसी होत्या. १९८५ मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचे ते स्वरूप होते व त्यात सहा रोगांपासून संरक्षण मिळे.

नातवाच्या कार्डात त्रिगुणीच्या जागी पेंटाव्हॅलंट आहे. ही लस २०११ मध्ये केरळ व तमिळनाडूपासून टप्प्याटप्प्याने आली. तिच्यात कावीळ 'ब' आणि हिब जंतूवरील संरक्षण त्रिगुणीसोबत एकाच सुईत मिळते. पुढे २०१६ पासून रोटाविषाणूची आणि २०१७ पासून न्यूमोकोकल लस काही राज्यांत सुरू होऊन नंतर देशभर पोहोचली. गोवराच्या जागी गोवर-रुबेला आली.

पोलिओचा बदल विशेष आहे. देशातील शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा येथे आढळला. त्यानंतरही थेंब चालू आहेत. मात्र एप्रिल २०१६ मध्ये त्यांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू वगळण्यात आला व त्वचेत टोचावयाची लस जोडली गेली. या लसीची मात्रा स्नायूत देण्याच्या मात्रेच्या एक-पंचमांश असते. एवढी काटकसर हिशेबनीसालाही सुचली नसती! जानेवारी २०२३ पासून नवव्या महिन्यात तिची तिसरी मात्राही दिली जाते.

रुग्णालयाच्या कामकाजावर सर्वांत मोठा परिणाम मात्र एका छोट्या नोंदीने केला : कावीळ 'ब'ची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत. जन्मवेळी आईकडून हा संसर्ग झाल्यास १०० पैकी सुमारे ९० बाळांत तो कायम राहतो. रविवारी पहाटे जन्मलेल्या बाळासाठी सोमवारची वाट पाहता येत नाही. लसीच्या शीतपेटीची किल्ली म्हणूनच आता कार्यालयात न राहता प्रसूतिकक्षातील परिचारिकेकडे असते.

येथे आमची एक चूकही नमूद करणे उचित होईल. बीसीजीच्या कुपीत दहा मात्रा असतात. द्रावण केल्यावर चार तासांत उरलेली लस टाकून द्यावी लागते. मात्रा वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही ती केवळ बुधवारी देत असू. एका दूरच्या वाडीवरील बाळंतीण अशाने दोनदा परत गेली आणि तिसऱ्यांदा आलीच नाही. आमची परिचारिका घरी गेली, तेव्हा बाळाला लस मिळाली. वाचविलेल्या नऊ मात्रांचा हिशेब माझ्या वहीत अचूक होता. त्या एका बाळाचा नव्हता. विश्वस्त मंडळाने त्यानंतर ठरविले, की एका बाळासाठीही कुपी उघडावी. तेव्हापासून घरी सोडण्यापूर्वीच बीसीजी दिली जाते.

पालकांनी एवढेच ध्यानात घ्यावे : एखादी मात्रा चुकली तरी आधीच्या मात्रा फुकट जात नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. उशीर झाला म्हणून संकोच न करता कार्ड घेऊन यावे. ते हरवले असल्यास जन्मतारीख सांगावी, आमच्या नोंदवहीतून उतारा विनामूल्य दिला जातो.