‘द व्हर्डिक्ट’: एका खचलेल्या वकिलाचा खटला

सिडनी ल्युमेट दिग्दर्शित ‘द व्हर्डिक्ट’ (१९८२) या चित्रपटाचा नायक फ्रँक गॅल्विन हा बॉस्टनमधील मद्याच्या आहारी गेलेला वकील असून, अशील मिळवण्यासाठी परक्यांच्या अंत्यविधीला जाण्यापर्यंत त्याची मजल गेलेली असते. चर्चच्या रुग्णालयात चुकीच्या भुलीमुळे कायमची बेशुद्ध झालेल्या तरुणीच्या प्रकरणात तडजोडीपोटी, म्हणजे दावा न चालवता मिटवण्यासाठी, २,१०,००० डॉलर देऊ केले जातात. परंतु तिची पोलरॉइड छायाचित्रे काढताना, कागदावर ती हळूहळू उमटत असताना, गॅल्विनचे मन पालटते, आणि पॉल न्यूमन यांनी हा पालट जवळजवळ निःशब्दपणे दाखवला आहे.

पुढे सारा दावा रुग्णाने कधी खाल्ले होते यावर येऊन ठेपतो, कारण भरल्या पोटी भूल दिल्यास उलटी श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. दाखल करतानाच्या नोंदीतील ‘१’ तासाचे ‘९’ करायला लावल्याची साक्ष परिचारिका देते, मात्र तिने जपलेली छायाप्रत मूळ दस्तऐवजापुढे ग्राह्य धरली जात नाही. तरीही ज्यूरी, म्हणजे निवाडा देणारे सामान्य नागरिक, तरुणीच्या बाजूने कौल देतात. चित्रपटाला पाच ऑस्कर नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही. अभिनयाचा मान ‘गांधी’तील बेन किंग्जली यांना मिळाला.