एक्सेलमध्ये एसपीसी चार्ट ऑटोमॅटिक करताय? आधी लिमिट लॉक करा!

आजचा विषय भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांसाठी. मोठ्या कंपनीला पार्ट देताना एसपीसी चार्ट मागितला जातो, आणि बरेच जण तो महिनाअखेरीला भरून पाठवतात. पण माल गेल्यावर काढलेल्या चार्टचा उपयोग काय? इशारा मशीन चालू असतानाच मिळाला, तर लॉट रिजेक्ट होणं टळतं.

पद्धत जुनीच आहे. १९२४ मध्ये अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी पहिला कंट्रोल चार्ट मांडला. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतातही आले होते. तेव्हा सगळं कागद-पेन्सिलवर चालायचं. आज एक्सेल आहे.

शीट अशी बनवा

१. दर तासाला सलग ५ पार्ट मायक्रोमीटरने मोजा. रीडिंग बी ते एफ कॉलममध्ये, सरासरी जीमध्ये, रेंज (सर्वात मोठं वजा सर्वात लहान) एचमध्ये.

२. मशीन नीट चालत असताना असे २५ ग्रुप जमवा.

३. सरासरीच्या लिमिट : एकूण सरासरी अधिक-वजा ०.५७७ गुणिले सरासरी रेंज. रेंजची वरची लिमिट : २.११४ गुणिले सरासरी रेंज, खालची शून्य. हे आकडे ५ पार्टच्या ग्रुपसाठीच आहेत.

समजा, एकूण सरासरी १२.००४ मिमी आणि सरासरी रेंज ०.०२० मिमी. मग सरासरीच्या लिमिट साधारण १२.०१६ आणि ११.९९२; रेंजची वरची ०.०४२.

खरी गोम इथे आहे

फॉर्म्युला पूर्ण कॉलमला लावला, तर प्रत्येक नव्या रीडिंगबरोबर लिमिटही सरकतात. टूल हळूहळू झिजतंय, साइज वाढतेय, आणि मधली रेषाही तिच्या मागे वर चाललीय! मग इशारा उशिरा मिळतो, किंवा मिळतच नाही. म्हणून पहिल्या २५ ग्रुपच्या लिमिट वेगळ्या शीटवर ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करा आणि शीट प्रोटेक्ट करा. टूलचा प्रकार, मटेरियल किंवा मशीन मुद्दाम बदललं, तरच नव्याने काढा.

आता व्हीबीएत छोटा मॅक्रो लिहा, जो सेलमध्ये आकडा भरला की आपोआप चालेल. त्याला दोनच कामं द्या : सरासरी किंवा रेंज लिमिटबाहेर गेली तर सेल लाल; सलग ८ सरासऱ्या मधल्या रेषेच्या एकाच बाजूला आल्या तर पिवळा. फाइल मॅक्रो-एनेबल्ड म्हणूनच सेव्ह करा, नाहीतर कोड उडेल.

आणखी एक : ड्रॉइंगचा टॉलरन्स म्हणजे कंट्रोल लिमिट नव्हे. टॉलरन्स कस्टमर ठरवतो, कंट्रोल लिमिट तुमचं मशीन सांगतं.

शेवटी, सेल लाल झाला की काय करायचं हे ऑपरेटरला आधीच सांगून ठेवा : मशीन थांबव, टूल आणि ऑफसेट बघ, मागच्या तासाचा माल बाजूला काढ, कारण लिही. रंग बदलायचं काम एक्सेल करेल; मशीन थांबवायची मुभा मात्र मालकानेच द्यायला हवी.