सनद मिळाली, पुढे काय?

एलएल.बी. झाल्यावर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवलं की सनद मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये खुल्या गटासाठी नोंदणीचं कायदेशीर शुल्क ७५० रुपयांपुरतंच ठेवलं, हा मोठाच दिलासा. मग अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेआधी वर्षभर उमेदवारी सक्तीची करणारा नियम १९९९ मध्येच रद्द झाला. पण साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, ज्येष्ठ वकिलाकडे ज्युनिअरशिप केल्याशिवाय कामाला हात बसत नाही.

सुरुवातीची कामं कॉलेजात कुणी शिकवत नाही. सकाळी बोर्ड बघायचा, पुकारा चुकू द्यायचा नाही, सर दुसऱ्या कोर्टात अडकले तर मुदतीचा अर्ज द्यायचा, नकलेसाठी अर्ज टाकायचा, रोजनामा वाचून पुढची तारीख डायरीत उतरवायची. यातलं बरंचसं सरांपेक्षा जुना कारकूनच नीट शिकवतो! पैशांचं मात्र अवघड. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअरना ग्रामीण भागात महिना १५,००० आणि शहरात २०,००० रुपये द्यावेत असं सुचवलं, पण ती शिफारसच.

न्यायाधीश व्हायचं असेल तरी हीच वाट. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीला सात वर्षं लागतात. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. त्यामुळे अपिलाचं काम शिकायला सातारा-सांगलीच्या ज्युनिअरला आता मुंबईत खोली शोधावी लागत नाही.