कल्याणचा 'खाल्कोस' : तांबे की पितळ?

सहाव्या शतकातील ग्रीक लेखक कॉस्मस इंडिकोप्लूस्टीझ याने 'कॅलियाना' बंदरातून बाहेर जाणाऱ्या जिनसांत लाकूड व कापड यांच्याबरोबर 'खाल्कोस'चीही गणना केली आहे. हे बंदर म्हणजे कल्याण होय, असे सामान्यतः मानले जाते. 'खाल्कोस'चा अर्थ मात्र इंग्रजी भाषांतरांत कोठे तांबे, तर कोठे पितळ असा केलेला आढळतो. हा भेद केवळ शाब्दिक नाही. ठाणे-कल्याणचा प्रदेश बेसॉल्ट खडकाचा असून येथे तांब्याच्या खाणी नाहीत. तेव्हा तो माल शुद्ध तांबे असेल, तर धातू बाहेरून येऊन येथून पुढे जात असला पाहिजे. पितळ असेल, तर येथील कारागिरीचीही शक्यता विचारात घ्यावी लागते.

तांबे हे २९ अणुक्रमांकाचे मूलद्रव्य असून त्याची घनता ८.९६ आहे. ते सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. विद्युद्वाहकतेत ते केवळ रुप्याच्या खालोखाल आहे. जस्त मिसळल्याने त्याचे पितळ होते, कथील मिसळल्याने कासे. जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळून उडून जाते. म्हणून पूर्वी तांबे, जस्ताचे खनिज व कोळसा बंद मुशीत तापवून पितळ करीत.

नावांकडे पाहता, संस्कृत 'ताम्र' हा शब्द तांबड्या रंगाचा वाचक आहे. लॅटिन 'कुप्रुम' हे नाव सायप्रस बेटावरून आले, आणि त्यावरूनच 'Cu' ही संज्ञा रूढ झाली. ग्रीक 'खाल्कोस' मात्र तांबे व त्याचे मिश्रधातू या सर्वांना लावीत. रंग, स्थान किंवा व्यवहार यांवरून पडलेली ही नावे रासायनिक घटनेची ग्वाही देत नाहीत.

१७८७ साली ठाण्यास शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा (इ. स. १०१७) ताम्रपट सापडला. छिन्नीने कोरण्याइतके मऊ आणि खाऱ्या हवेतही हिरवट थराखाली टिकणारे तांबे दानलेखास योग्यच होते. तथापि 'ताम्रपट' हेदेखील लेखाचे नाव आहे, धातूच्या शुद्धतेचे प्रमाण नव्हे.

क्ष-किरण प्रतिदीप्तीने वस्तूला धक्का न लावता तिच्या पृष्ठभागावरील जस्ताचे व कथिलाचे प्रमाण काढता येते. गंजलेल्या थरामुळे हे आकडे जपून वाचावे लागतात, इतकेच. कल्याणच्या 'खाल्कोस'चा निर्णय कोशात नव्हे, तर त्या काळच्या वस्तूंच्या अशा परीक्षणातच होऊ शकेल.